मऊ कडं

मालिशच्या टेबलावर पालथं पडलेल्या माणसाने तोंड कुठे ठेवायचं, हा काही जगापुढचा मोठा प्रश्न नव्हे. पद्मल मगदूमपुढे मात्र तो सव्वीस वर्षं रोज सकाळी नऊपासून उभा असे. टेबलाच्या डोक्याकडच्या टोकाला घोड्याच्या नालेसारखी एक उशी बसवतात. मधल्या पोकळीत नाक-तोंड राहतं आणि माणूस खालच्या फरशीकडे बघत श्वास घेतो. इंग्रजीत तिला भारदस्त नाव आहे. मिरजेच्या त्या उपचार केंद्रात सगळे तिला 'कडं' म्हणत.

पद्मलच्या खोलीत भिंतीवर अशी अकरा कडी टांगलेली होती. माणूस आत आला की ती आधी त्याचं तोंड बघायची, पाठ नंतर. रुंद गालफडाच्या माणसाला अरुंद कडं दिलं, की तासाभराने तो कपाळावर वळ आणि लाल डोळे घेऊन उठतो. पाठ लाख मोकळी झालेली असो, बाहेर जाऊन तो सांगणार, बाईंचा हात जड आहे. सर्दीवाल्याला थोडं उतरतं कडं लागतं. बायकांना आधी नाकातल्या मोरणीचं विचारायचं. म्हाताऱ्यांना कवळीचं विचारायचं, तेही हळू आवाजात, कारण कवळी आहे हे कबूल करताना पुरुषांच्या जिवावर येतं.

तिला हे काम शिकवणाऱ्या गोदूबाईंनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती. तोंड एकदा कड्यात गेलं की माणूस तुला दिसत नाही. तो 'बरं वाटतंय' म्हणाला तरी खरं धरू नको, भिडेपोटी माणसं काहीही सोसतात. तू पायाच्या बोटांकडे बघ. बोटं आखडली की हात उचल. पद्मलने हा धडा इतका गिरवला होता की लग्नाच्या पंगतीतसुद्धा तिचं लक्ष आधी लोकांच्या पायांकडे जायचं.

मग 'निवांत' आलं.

केंद्राची मालकीण केतकी उपाध्ये पद्मलपेक्षा वीस वर्षांनी लहान होती. बाई हुशार, मनाने चांगली, पण नवीन यंत्र दिसलं की तिला दम निघत नसे. तिने एका सकाळी खोक्यातून 'निवांत' नावाचं राखाडी रंगाचं एक कडं काढून टेबलाला बसवलं.

"मावशी, आता भिंतीवरची सगळी उतरवायची. हे एकच सगळ्यांना बसतं."

"सगळ्यांना बसणारी चप्पल कुणालाच बसत नसतीया," पद्मल म्हणाली.

"झोपून तर बघा."

पद्मल झोपली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग कपाळाखालची, गालाखालची, हनुवटीखालची उशी हळूहळू सरकली आणि आपल्याला तोंड आहे हेच तिला वाटेनासं झालं. दहा मिनिटांसाठी झोपलेली बाई चाळीस मिनिटांनी उठली. तिचा उजवा गुडघा कित्येक वर्षं कुरकुरत होता. तो चार दिवस गप्प बसला. पाचव्या दिवशी तो पुन्हा बोलला तेव्हा पद्मलला त्याचा रागच आला.

त्यामागची गोष्ट अशी होती. त्या कड्यात मोहरीहून लहान अशा नऊ हजार पेशी होत्या. प्रत्येकीत एक द्रव होता, वीज सोडली की घट्ट होणारा आणि बंद केली की पातळ होणारा. आपल्यावर टेकलेली कातडी किती दबते आहे, तिच्याखाली रक्त कसं वाहतं आहे, भुवयांमधला आठी घालणारा स्नायू आणि जबडा आवळणारा स्नायू किती ताणले आहेत, हे प्रत्येक पेशी मोजे आणि सेकंदाला चाळीस वेळा स्वतःला बदले. तोंडावर वळ उठू नयेत, एवढाच शोध लावणाऱ्यांचा हेतू होता. घबाड त्यांना नंतर सापडलं.

माणसाच्या मेंदूत चेहऱ्याला सगळ्या पाठीपेक्षा कितीतरी जास्त जागा आहे. अंगाची खबर घेताना मेंदू चेहऱ्याच्या साक्षीला फार मान देतो. पण माणसाचा चेहरा पुरता सैल असा कधी नसतोच, अगदी झोपेतही नसतो. कुठेतरी दात आवळलेले असतात, कुठेतरी भुवई चढलेली असते. 'निवांत'ने तो पहिल्यांदाच पूर्ण सैल केला. तेव्हा मेंदूने असा समज करून घेतला की चेहरा एवढा स्वस्थ आहे, त्या अर्थी खाली सगळं आलबेल असणार. मग पाठीच्या कण्यातून वर येणारे दुखण्याचे निरोप तो वेशीवरच अडवू लागला. हा पहारा एका बैठकीनंतर तीन-चार दिवस टिकायचा. गोळी नाही, सुई नाही, व्यसन लागत नाही, असं प्रयोगशाळा छातीठोकपणे सांगत होत्या आणि ते खोटंही नव्हतं.

लोकांची रीघ लागली. दातांचे डॉक्टर ते वापरू लागले, खुर्चीत बसून टेबलावर तोंड टेकवायचं घरगुती कडंही निघालं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. तिथल्या डॉक्टरांना हळूहळू जाणवायला लागलं की माणसं हल्ली उशिरा येतात. दाढ पार पोखरून गेल्यावर येतात, मुतखडा सुपारीएवढा झाल्यावर येतात. पण ज्याचं दुखत नाही त्याला दवाखान्यात या असं सांगणार कोण?

पद्मलची अक्का, मालन, दर गुरुवारी सांगलीहून यायची. ती पद्मलपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा पद्मल चार वर्षांची होती. तिला न्हाऊ-माखू घालण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं अक्काने केलं. अक्काला मूलबाळ झालं नाही. होतं ते पद्मलच. दोन वर्षांपूर्वी दाजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. दाजी आंघोळ आणि दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. म्हणून रोज पहाटे अक्का त्यांना काखेत हात घालून उचलायची, चौरंगावर बसवायची, न्हाऊ घालायची, कोरडं करून परत आणायची. माणूस उचलणारं यंत्र त्या कौलारू घराच्या आढ्याला बसेना, आणि बाहेरची बाई ठेवायचं नाव काढलं की अक्का म्हणायची, "माझा नवरा काय पोतं हाय व्हय?"

"अक्का, पाठीला काय होतंय का?" पद्मल दर वेळी विचारायची.

"मला काय धाड भरलीया!"

हे उत्तर ठरलेलं होतं. अक्काने आयुष्यात कधी 'दुखतंय' असा शब्द उच्चारलेला पद्मलला आठवत नव्हता.

त्या गुरुवारी पद्मलने 'निवांत'चा आराम अक्कासाठी अगदी वरच्या टोकाला नेला. आठवडाभर राबते बिचारी, तासभर तरी तिला सुख मिळू दे, एवढंच तिच्या मनात होतं. कंबरेच्या जरा वर पाठ दगडासारखी कडक लागली. पद्मलने कोपर टेकवलं, थोडा भार दिला आणि सवयीने पायांकडे बघितलं. बोटं सैल होती. तिने अजून भार दिला. बोटं सैलच. अक्का छान सैलावलीय, असं वाटून तिला समाधान झालं आणि तिने दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं.

शनिवारी सकाळी शेजारणीचा फोन आला. दाजींना चौरंगावरून उठवताना अक्का मटकन खाली बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी पडद्यावर मणक्यांचं चित्र लावलं. एक मणका चुरमुऱ्यासारखा चेपला होता, दुसऱ्याला तडा होता.

"हाडं ठिसूळ झाली आहेत," डॉक्टर म्हणाले. "तडे ताजे नाहीत, पाच-सहा महिन्यांपूर्वीचे असतील. त्यांच्यावर जोर पडत गेला आणि आता एक मणका चेपलाय. यांनी काही उचललं होतं? कुणी पाठ दाबली होती?"

"मी दाबली," पद्मल म्हणाली. "परवा. कोपरानं."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. "अहो, तडकलेल्या मणक्यावर कोपर? त्या किंचाळल्या नाहीत?"

"न्हाई. पायाचं बोटसुद्धा हललं न्हाई, डॉक्टर."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. मग सांगितलं की एक महिना पडून राहायचं, पट्टा लावायचा आणि ह्यापुढे वजन कधीच उचलायचं नाही. पुन्हा मणका चेपला तर त्याचा तुकडा मज्जारज्जूत घुसेल आणि पाय जातील. दुखेल, तर दुखू द्या. सध्या दुखणं हाच त्यांचा राखणदार आहे.

सोमवारी पद्मल केंद्रात गेली ती सरळ केतकीच्या खोलीत. केतकीने आधीच गुरुवारची नोंद पडद्यावर काढून ठेवली होती. तिचं तोंड उतरलं होतं.

"हे बघा मावशी. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं." तिने बोट ठेवलं. "तुम्ही जोर दिलात तेव्हा अक्कांची नाडी चौऱ्याहत्तरवरून एकशे अठरावर गेली. भुवई आखडायला लागली होती. कड्याने पाव सेकंदात कपाळाखालच्या पेशी मऊ केल्या. भुवई सुटली. नाडी खाली आली. असं एकूण नऊ वेळा झालंय."

पद्मलने त्या रेषा पाहिल्या. नऊ वेळा रेष उसळी मारून उठली होती आणि नऊ वेळा कुणीतरी थोपटून निजवावी तशी आडवी झाली होती.

"म्हणजे त्याला कळलं होतं."

"त्याला आराम द्यायला शिकवलंय, मावशी. कुणाला कळवायला नाही शिकवलं." केतकीचा आवाज बारीक झाला. "कंपनी म्हणतेय, पुढच्या आवृत्तीत सूचना देणारा दिवा बसवू."

"अन् आतापर्यंत ज्यांच्या पाठी दाबल्या, त्यांचं काय?"

केतकी उठली. तिने कपाटातून घरगुती कड्याचं खोकं काढून पुढे सरकवलं. "अक्कांना फार दुखत असेल हो. जास्तीचं होतं एक. न्या."

पद्मलला ते नाकारायचं होतं. पण अक्काचा आदल्या रात्रीचा पांढराफटक चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि तिने खोकं उचललं. महिन्याची रजा टाकून ती सांगलीला अक्काच्या घरी राहायला गेली.

घराच्या बाहेरच्या खोलीत दाजी आणि आतल्या खोलीत अक्का, अशी दोन अंथरुणं झाली. पद्मल पहाटे दाजींना उचलायची. तिला काम माहीत होतं, तरी पहिल्याच आठवड्यात तिची कंबर भरून आली. अक्काने हे दोन वर्षं एकही दिवस न चुकता कसं केलं, याचं तिला नवल वाटायला लागलं. दाजींना त्यातलं काही माहीत नव्हतं. बोलणं जड झालं होतं, तरी भेटायला आलेल्या माणसाला ते सांगायचे, "मालन... लई... ताकदीची. मला... उचलती... पोरागत." आणि हसायचे.

सोळाव्या दिवशी अक्काची नजर फळीवरच्या खोक्याकडे गेली.

"पद्मे, ते कडं हाय नव्हं? दे की."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टरची पाठ दुखालीया व्हय?"

पद्मल एकदम थांबली. "अक्का, दुखतंय म्हणालीस."

"न्हाई म्हणाले." अक्काने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने भिंतीकडे बघतच ती बोलायला लागली. "तुला आता सांगते. मला ठाऊक होतं. दिवाळीपासनं पाठीत कळ येत होती. ह्यांना उचलताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा ह्यांना न्हाणीतच सोडलं असतं हातातनं. मग तुझ्याकडं ते नवीन कडं आलं. त्यात तोंड घातलं की सोमवारपर्यंत काय कळायचं न्हाई. मंगळवार, बुधवार दात खाऊन काढायचे, की परत गुरुवार."

"पाच महिने?" पद्मल म्हणाली. "अगं, मला बोलायचं तरी!"

"बोलले असते तर तू काय केलं असतंस? ह्यांना कुठल्यातरी आश्रमात टाक म्हणाली असतीस. त्यांना दुसरं कोण न्हाऊ घालणार? उपाशी बसतील गं ते." अक्काने पद्मलचा हात धरला. "तुझी रजा संपत आलीया. तू गेलीस की मला उभं राहायला पायजे. एवढं कडं ठेवून जा. मी तुला आयुष्यात काय मागितलं न्हाई."

ते खरं होतं. आणि म्हणूनच पद्मलला उत्तर देणं अवघड होतं. अक्काचे पाय राखायचे तर तिचं दुखणं राखायला हवं होतं, आणि दुखणं राखलं तर दाजी घरात राहणार नव्हते. मधला रस्ता तिने रात्रंदिवस शोधला होता. तो नव्हता.

"न्हाई, अक्का. न्हाई देणार."

"मी वाढवली तुला."

"म्हणूनच न्हाई."

अक्काने हात सोडला. पद्मलने खोकं उचललं, परसात नेलं आणि शेजारच्या पोरीच्या स्कूटरवरून केंद्राकडे परत धाडून दिलं. ती परत आली तेव्हा अक्का तिच्याशी बोलायची बंद झाली होती. जेवण नको, पाणी नको, पट्टा सैल करू का म्हटलं तर हुं नाही की चूं नाही.

दोन दिवसांनी, दुपारी, पद्मल मागे कपडे वाळत घालत होती. बाहेरच्या खोलीत दाजींच्या हातून पाण्याचा तांब्या पडला. ते अर्धे कॉटवरून कलले होते आणि अडखळत हाक मारत होते, "माल... मालन..." पद्मल हात पुसून धावेपर्यंत अक्काने कड पालटून उठायचा प्रयत्न केला होता. एक कोपर टेकलेलं, एक पाय खाली. आणि मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की पद्मल उंबऱ्यातच खिळली.

"आई गं! पद्मे, दुखतंय गं! दुखतंय! मला धर!"

पासष्ट वर्षांचं साठलेलं बाहेर पडावं तशी ती ओरडत होती. पद्मलने तिला दोन्ही हातांनी धरून अलगद आडवं केलं. अक्का लहान पोरीसारखी रडत होती, आणि पद्मलला एकाच वेळी भयंकर वाईटही वाटत होतं आणि आत कुठेतरी बरंही वाटत होतं. ते बरं वाटल्याची तिला लाज वाटली.

तिने बाहेर जाऊन दाजींना सरळ बसवलं. दाजींचे डोळे आतल्या दाराकडे लागले होते. रडणं अजून ऐकू येत होतं.

"ती... ओरडली?"

"होय, दाजी."

"पडली... त्यानं?"

डॉक्टरांकडून आल्यावर अक्काने त्यांना सांगितलं होतं की आपण ओल्या फरशीवरून घसरलो. आताही 'होय' म्हणून मोकळं होता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पद्मलने आतल्या दाराकडे पाहिलं, मग दाजींकडे. न सांगितलेल्या त्या एका गोष्टीवर दोघांचं सुख उभारलेलं होतं, हे तिला कळत होतं. पण रजेचे बारा दिवस उरले होते. त्यानंतर अक्का कड्याशिवायही उठणार होती, दात खाऊन उठणार होती, आणि एक दिवस तिचे पाय जाणार होते.

"पडून न्हाई, दाजी. तुम्हाला उचलून. पाच महिने पाठ मोडली होती तिची. तुम्हाला कळू दिलं न्हाई."

दाजींचा चांगला हात मांडीवर होता, तो त्यांनी उचलला, तोंडावरून फिरवला आणि परत ठेवला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मला... कुपवाडला... ठेव. सेवाकेंद्रात. उद्या."

"दाजी, तिथं आंघोळ नऊच्या पुढं घालतात. तोवर तुम्ही..."

"नऊपर्यंत... थांबीन."

अक्काने आतून हाका मारल्या, शपथा घातल्या, मीही येते म्हणाली, मग तुमचं तोंड बघणार नाही म्हणाली. आयुष्यभर तिच्या शब्दाबाहेर न गेलेला तो माणूस त्या एका गोष्टीवर अडून बसला.

गाडी दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी आली. दोन धिप्पाड पोरांनी दाजींना खुर्चीसकट सहज उचललं. आतल्या खोलीपुढून नेताना दाजींनी हात वर केला, पोरं थांबली. अक्का कुशीवर पडली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अक्काने डोक्यावरचा पदर नीट केला. मग पोरं खुर्ची घेऊन बाहेर पडली.

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला आणि विरला. पद्मल आत येऊन अक्काच्या उशाशी बसली. पट्टा काचत असेल म्हणून तिने बंद सैल करायला हात लावला. कडं परत धाडल्यापासून अक्का पहिल्यांदाच शांत आवाजात बोलली.

"पद्मे, तुझ्या कोपरानं माझं हाड मोडलं. त्याचं मी तुला मरेपर्यंत कधी बोलले नसते."

"माहीत हाय, अक्का."

"त्यांना सांगितलंस, ते मात्र मी विसरणार न्हाई."

पद्मलने मान हलवली. बंद सैल केला, पट्टा जरा वर सरकवला आणि विचारलं, "इथं दुखतंय का?"

"दुखतंय," अक्का म्हणाली, आणि पद्मलचा हात बाजूला केला.